लोणारच्या गाळाचे वाचन

नाशिककरांना पाण्याची पातळी मोजण्यासाठी मोजपट्टी लागत नाही. गोदेला पूर आला की गावात एकच प्रश्न विचारला जातो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला अशी ही मोजणी आहे. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले की सराफबाजारात आवराआवर सुरू होते, आणि नारोशंकराच्या घंटेचे नाव निघाले की जुनी माणसे बोलायची थांबतात. १९६९, २००८, २०१९ ही साले या गावाने अशीच, एका मूर्तीच्या अंगावर खुणा करून ध्यानात ठेवली आहेत. पंचांग, दप्तर आणि वर्तमानपत्र यांच्याइतकेच हेही एक साधन आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते साधन म्हणून गंभीरपणे घ्यावे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

मात्र या साधनाची मर्यादाही नाशिककर जाणतो. मारुतीच्या गळ्याला लागलेले पाणी केवळ पावसाचे नसते. गंगापूर धरणातून किती पाणी सोडले यावरही ते ठरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले, तेव्हाही आभाळ आणि धरण यांपैकी दोष कोणाचा, यावर पाराखाली वाद झडत होते. शिवाय नदीची स्मृती तोकडी. पूर ओसरला की नदी आपल्याच खुणा धुऊन नेते. हजार वर्षांपूर्वी या काठावर पाणी कुठवर येत होते हे नदीला विचारून फारसे कळत नाही. ते विचारायचे तर तळे हवे. तेही असे की ज्यात पाणी येते, पण ज्यातून वाहून जात नाही.

अशा तळ्याचा हिशेब सावकाराच्या वहीसारखा सरळ असतो. पाऊस, ओढे आणि झरे ही जमा. बाष्पीभवन हा खर्च. दीर्घकाळ जमा वाढली की पातळी चढते, पाणी गोडसर होते. खर्च वाढला की पातळी उतरते आणि मागे राहिलेले क्षार दाटत जातात. अमेरिकेतल्या यूटा प्रांतातील डोंगरउतारांवर एका लुप्त महासरोवराचे काठ पायऱ्यांसारखे कोरलेले आहेत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९० साली त्या बॉनव्हिल सरोवरावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विद्येतला एक मूळ ग्रंथ मानला जातो. आपल्या दख्खनच्या पठारावर मात्र असे काठ शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. काळ्या कातळाच्या या प्रदेशात नद्यांनी सर्वत्र वाटा करून घेतल्या आहेत. नैसर्गिक तळे असे जवळजवळ नाहीच. आपली तळी म्हणजे माणसांनी घातलेले बांध. जे एक मोठे नैसर्गिक तळे आहे, ते आकाशातून पडलेल्या अशनीमुळे झाले: लोणार.

नाशिकहून लोणार तीनशेहून अधिक किलोमीटर. जालन्यावरून जाताना रस्ता कंटाळवाणा आहे, पण तोही परिसर गोदावरीच्याच खोऱ्यातला, ही जाणीव ठेवून गेले तर कंटाळा थोडा कमी होतो. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो ते खरे तर लीळाचरित्रासाठी. चक्रधरांच्या लोणारच्या मुक्कामातल्या लीळा वर्गात वाचून झाल्या होत्या. स्थळ पाहावे, दैत्यसूदनाचे देऊळ पाहावे, एवढाच हेतू. काठावरून खाली पाहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची, दीडशे मीटरच्या आसपास खोल अशी वाटी दिसते आणि तळाशी हिरवट पाणी. काठावर धारेचे गोडे पाणी अखंड पडत असते. खाली उतरून कमळजादेवीच्या देवळाशी गेले की पाण्याला क्षारांचा आणि कुजक्या शेवाळाचा उग्र वास येतो. एकाच वाटीत गोडे आणि खारे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त या स्थळाची नोंद आहे, आणि काच व साबण यांना लागणारी द्रव्ये येथे मिळतात असे तीत सांगितले आहे. त्या क्षारांच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी अशी स्थानिक नावे होती. ही नावे कोशात नीट नोंदवावयास हवीत. पण तो वेगळा विषय.

या पाण्याच्या तळाशी जो गाळ आहे, तो वाचण्याचे काम गेल्या दोन दशकांत झाले. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संस्थेच्या सुष्मा प्रसाद आणि त्यांचे भारतीय व जर्मन सहकारी यांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा अखंड दंड काढला आणि त्यावरचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. दहा मीटरांत सुमारे अकरा हजार वर्षे. सरासरी काढली तर वर्षाला मिलिमीटरभरही नाही. त्या हिशेबाने ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंतचा सारा मराठी वाङ्मयेतिहास जेमतेम दीड हात गाळात मावतो. (खरा दर काळागणिक बदलतो, तेव्हा ही सरासरी कोणी परीक्षेत लिहू नये.) तळाशी प्राणवायू नसल्याने गाळ उकरणारे किडेमुंगळे तेथे जगत नाहीत, म्हणून थर एकमेकांत मिसळलेले नाहीत. पोथीच्या भाषेत सांगायचे तर ही प्रत वाळवीने खाल्लेली नाही.

या थरांत दोन ठिकाणी एका खनिजाचे स्फटिक सापडतात. त्याचे नाव गेलुसाइट. सोडियम आणि कॅल्शियम यांचे पाणी धरून ठेवलेले कार्बोनेट. तळे आटून क्षार फार दाटल्याशिवाय हे स्फटिक तयार होत नाहीत. म्हणजे ज्या थरांत ते आहेत, त्या काळात लोणारचे पाणी खूप खाली गेले होते. पहिला काळ आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. (या विद्येत ‘आज’ म्हणजे १९५० साल, असा संकेत आहे, शककर्त्यांच्या यादीत आणखी एक.)

दुसऱ्या काळाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबून पाहावे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या चौदाव्या शतकापर्यंत. सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव; अजिंठ्यातली पाचव्या शतकातली चित्रे, वेरूळचे कैलास, आणि अखेरीस लीळाचरित्र व १२९० ची ज्ञानेश्वरी. महाराष्ट्राने दगडात जे सर्वोत्तम कोरले आणि मराठीने पहिल्यांदा जे लिहिले, ते बहुतेक सगळे गाळातल्या या स्फटिकांच्या कालखंडात येते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी येवल्याकडच्या एका मुलीने तेथेच, काठावर बसून विचारले, ‘सर, मग ज्ञानेश्वरी दुष्काळात लिहिली का?’ तिच्या घरी चैत्रापासून टँकरचे पाणी. आजोबा रोज म्हणतात, पूर्वी असं नव्हतं, पूर्वी पाऊस पडायचा. आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती आणि सुकडीची चव तिला अजून आठवते. त्यामुळे हा प्रश्न केवळ ग्रंथाचा नव्हता. पूर्वी खरोखर पाऊस पडायचा का, हे तिला हवे होते. आणि ते कुणीतरी वाङ्मयाच्या बाहेरून सांगावे, एवढे तिला कळत होते.

मराठी वाङ्मयेतिहासाच्या बाजारी नोट्समध्ये यादवकाळ म्हणजे आबादीआबाद असे एक ठरीव वाक्य असते. सुबत्ता होती, म्हणून वाङ्मय झाले. याच्या उलट वाक्यही आता सहज तयार होईल: दुष्काळ होता, म्हणून लोक परमार्थाकडे वळले, म्हणून वाङ्मय झाले. दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक शास्त्रीय दिसेल, कारण त्याला स्फटिकांचा आधार देता येईल. आमच्या मते ते पहिल्याइतकेच आळशी आहे. चौदाशे वर्षे टिकलेला दुष्काळ हा दुष्काळ राहत नाही. तोच तेथला देशकाल होतो. त्या काळी जन्मलेल्या माणसाला पाऊस ‘कमी’ वाटण्यासाठी त्याहून अधिक पावसाची आठवण हवी, आणि ती पन्नास पिढ्या मागे राहिलेली. तळ्याला सरासरी कळते. एखादा मृगच कोरडा गेला, पेरणी करपली आणि घर गाव सोडून निघाले, हे तळ्याला कळत नाही. त्यासाठी लेखी किंवा तोंडी परंपराच लागते.

तेव्हा प्रश्न थोडा फिरवून घ्यावा लागतो. कोरड्या काळात माणसांनी काय केले? आणि याचे उत्तर शोधायला आम्हांला लोणारहून परत नाशिकला यावे लागले.

पांडवलेणीच्या टेकडीवर, जिला लेखांत त्रिरश्मी म्हटले आहे, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे लोणारचे पाणी उतरू लागल्यानंतरचा. पुराणपद्धतीने तो गायी, सोने, गावे यांची दाने सांगतो. पण त्यातला मोठा भाग पाण्याचा आहे. तळी केली, विहिरी केल्या. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे निवारा आणि पिण्याचे पाणी ठेवले. शेवटी हे लेणे आणि या पोढी करविल्या असे येते. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाचे चार महिने धरून ठेवून आठ महिने पुरवायचे, ही पोढीमागची सारी कल्पना.

त्याच लेण्यातला आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, तिसऱ्या शतकातला लेख आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली आणि ती गोवर्धनातल्या, म्हणजे नाशिकजवळच्या, कारागिरांच्या श्रेणींकडे गुंतवली. कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण. आणि ‘ओदयंत्रिक’ श्रेणीकडे दोन हजार. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे किंवा चालविणारे. ती यंत्रे रहाटासारखी होती की आणखी कशी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण पाणी उपसण्याचा वा फिरविण्याचा धंदा येथे संघटित होता आणि कुंभारांपेक्षा दुप्पट ठेव त्यांच्या हाती विश्वासाने देण्याइतकी त्यांची पत होती, एवढे या ओळींतून निश्चित निघते. लोणारच्या गाळातली कोरड आणि नाशिकच्या भिंतीवरची ही श्रेणी यांत कार्यकारण जोडण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण एका लेखावर तेवढा भार टाकता येत नाही. दोन्ही एकाच पानावर शेजारी ठेवावे आणि वाचकाने पाहावे, इतकेच आज शक्य आहे.

सिन्नरची गोष्टही याच वळणाची. यादवांचे आरंभीचे सेऊणपूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून फार लांब नसलेल्या सिन्नरला पाचशे-सहाशे. सह्याद्रीची ही पर्जन्यछाया लोणारच्या कोणत्याही चढउताराहून जुनी आहे. तरी यादवांनी तेथे ठाण मांडले आणि गोंदेश्वरासारखे देऊळ उभे राहिले. यादवकाळाशी निगडित बारवा मराठवाड्यात आणि वऱ्हाडात गावोगाव आहेत. खुद्द लोणारातही लिंबी बारव आहे. जेथे पाणी सहज मिळते, तेथे पायऱ्या उतरून पाण्याशी जाण्याचे वास्तुशास्त्र कोणी उभारत नाही, असे म्हणावेसे वाटते. कोकणात पाहिले तर ते पुष्कळसे खरेही ठरते.

आता दुसरी बाजू. गाळाचे आणि खापरांचे नेहमी जमतेच असे नाही. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन केले, आणि जोर्वे संस्कृती हे नाव महाराष्ट्राच्या प्रागितिहासात कायमचे झाले. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षे खणले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती खंगते, शिकार वाढते, आणि अखेर गाव ओस पडते. म. के. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटल्यात शोधले. ते वाचल्यापासून आम्हांला ते पटत आले आहे. पण लोणारच्या स्फटिकांचे दोन कालखंड पाहा: ३९०० वर्षांपूर्वी एक संपतो, २००० वर्षांपूर्वी दुसरा सुरू होतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा इनामगावचा ऱ्हास बरोबर मधल्या, बऱ्या काळात पडतो.

मग ढवळीकर चुकले? इतक्या लवकर नाही. गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, तेथल्या समुद्रतळाचाही गाळ काढलेला आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाडांच्या पानांवर मेणाचा जो पातळ थर असतो, तो नदीबरोबर वाहत जाऊन समुद्रात साचतो, आणि कोरड मानवणाऱ्या गवताचे मेण व इतर झाडांचे मेण त्यातल्या कार्बनवरून वेगळे ओळखता येते. त्या मेणाचे म्हणणे असे, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीचे खोरे हळूहळू, पण सतत, कोरडे होत गेले. या साक्षीत इनामगाव बरोबर बसते. ब्रह्मगिरीवरच्या एखाद्या पानाचे मेणही त्या गाळात असेल, ही कल्पना नाशिककराला सुखवणारी आहे. पण त्र्यंबकपासून बस्तरपर्यंतचे सारे खोरे त्यात कालवलेले आहे, हेही विसरू नये. एक तळे एका वाटीपुरते बोलते, समुद्र अर्ध्या दख्खनबद्दल एकदम बोलतो. पाठचिकित्सा शिकलेल्यांना ही अडचण परकी वाटू नये. एक प्रत जुनी पण एका गावची. दुसरी अनेक प्रतींवरून सिद्ध केलेली, पण कोणता पाठ कुठला हे न सांगणारी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही काही वेगळे नव्हते.

दुसऱ्या कालखंडाच्या शेवटाविषयी तर तीन साक्षी आहेत आणि तिन्ही थोड्या निरनिराळ्या. लोणार म्हणते, सुमारे सहाशे वर्षांपूर्वी कोरड संपली. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभाचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इसवी सन ६०० ते १५०० या काळाचा आहे, आणि त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकांतच पावसाची सर्वांत वाईट दशके दिसतात. आणि आपल्या परंपरेत १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा दुर्गादेवीचा दुष्काळ आहे. गुहा आणि परंपरा एकमेकींच्या जवळ येतात. तळे आपल्या संथ भाषेत तो शेवट म्हणून सांगते, पण त्या शेवटात कोण मेले हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नाही. दुर्गादेवी हे नाव मात्र पाचशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. दुष्काळाला देवीचे नाव देणारी भाषा त्याच्याशी काय करीत होती, यावर एखादा प्रबंध व्हावयास हरकत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही काय सांगितले? आजोबांचे ‘पूर्वी’ म्हणजे पन्नास-साठ वर्षे, आणि त्या अंतरासाठी लोणारपेक्षा येवल्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहणे बरे, हे सांगितले. ज्ञानेश्वरीच्या काळी तिच्या गावाकडे आजच्याहून पाऊस अधिक होता असे मानायला या गाळात आधार नाही, हेही सांगितले. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे तेव्हाही कुणीतरी पाणी वाहून आणतच होतं.’

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा तिने आम्हांला वर्तमानपत्रातला फोटो पाठविला. पाणी उतरून क्षार वाढले आणि खारटपणात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे सांगितले. फोटोखाली तिने विचारले होते, ‘सर, आता स्फटिक होत असतील का?’ एका उन्हाळ्याने ते व्हायचे नाहीत, असे आम्ही कळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. ती आता एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि सुटीत पाण्याशी निगडित जुन्या शब्दांची वही भरते. आड, बारव, टाके, पोहरा, मोट, नाडा, थारोळे. पोढी हा शब्द तिला अद्याप कुणाच्या तोंडी सापडलेला नाही. प्रपा मात्र सापडली. येवल्याच्या रस्त्यावर, उन्हाळ्यात, रांजणांवर ओले फडके टाकलेल्या पाणपोईत.